सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा: चाकणच्या एका क्वालिटी मॅनेजरचं प्रकरण

२८ ऑगस्ट २०२३, सोमवार. दुपारी अडीचला त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावणं आलं. सव्वातीनला ते बाहेर आले तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र आतच राहिलं होतं. त्यांची टिफिनची पिशवी आणि कपाटातलं सामान एका खोक्यात भरून आधीच गेटवर आणून ठेवलेलं होतं. घरी सोडायला कंपनीने गाडी दिली. एकोणीस वर्षं ते कंपनीच्या बसने येत-जात होते, त्यामुळे गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला पत्ता सांगताना आपल्या सोसायटीचं नावच क्षणभर आठवेना, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी सव्वीस वर्षं पिंपरी-चिंचवड परिसरातल्या कारखान्यांत एचआरचं काम केलं. अशा खोल्यांमध्ये मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. नोकरी सोडल्यापासून चाळिशी-पन्नाशीत नोकरी गेलेल्या लोकांना जमेल तशी मदत करते. त्यातलं हे एक प्रकरण या गृहस्थांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या परवानगीने सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकड्यांचं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे, कारण या गोष्टीतला बराचसा शहाणपणा आकड्यांतच आहे.

माणूस मूळचा कराड तालुक्यातला. १९९५ साली कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुढे नोकरी करत पदवी घेतली. २००४ मध्ये या कंपनीत इन्स्पेक्शन इंजिनिअर म्हणून लागले आणि मॅनेजरपर्यंत चढले. कंपनी डिझेल इंजिनाच्या इंधन यंत्रणेचे सुटे भाग बनवायची. भाग इतके बारीक की मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा हे गाड्यांच्या धुराचे कडक निकष लागू झाले. छोट्या गाड्यांसाठी डिझेल इंजिन त्या निकषांत बसवणं महाग पडू लागलं आणि मारुतीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बंद केल्या. त्याचा धक्का साखळीतून खाली यायला तीन वर्षं लागली. दोन लाइन बंद झाल्या आणि दोन लाइनच्या क्वालिटीला एक मॅनेजर जास्त झाला. त्यांचं काम चुकलं नव्हतं. हे मी त्यांना पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीतही सांगितलं. त्यांना ते पटायला वर्ष लागलं.

पाऊण तासात झालेली सही

त्या खोलीत त्यांच्यापुढे दोन कागद होते. एकावर तीन महिन्यांचा पगार आणि बाकी हिशोब. दुसरा कोरा, त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असं लिहून द्यायचं होतं. त्यांनी लिहून दिलं.

त्याच प्लांटमधल्या कायम कामगारांशी कंपनीला असं वागता आलं नसतं. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागे. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात नोटीस तीन महिन्यांची, शिवाय सरकारची परवानगीही लागे. पण व्यवस्थापनाचं काम करणारा माणूस या व्याख्येत येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी मॅनेजर बाहेरच राहिला. म्हणजे ज्याला आपण बढती म्हणून पेढे वाटतो, तिथेच कायद्याचं छत्र डोक्यावरून जातं. हे कोणाला पेढे खाताना माहीत नसतं.

त्या पाच शब्दांची किंमत त्यांना दोन ठिकाणी मोजावी लागली. गृहकर्जासोबत बँकेने नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा गळ्यात मारला होता. तो राजीनाम्याला लागू होत नव्हता. आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत ‘वैयक्तिक कारण काय होतं?’ हा प्रश्न आला.

तिसरं नुकसान त्याहून मोठं होतं. कंपनीच्या गटविम्यात त्यांच्या आई होत्या, मधुमेह आणि रक्तदाबासह. शेवटच्या दिवशी तो विमा संपला आणि हे त्यांच्या लक्षात तीन आठवड्यांनी आलं. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि आजारांसाठीची आधी काढलेली प्रतीक्षा मुदत त्यात धरली जाते. पण अर्ज मुदतीत व्हावा लागतो. तो झाला नाही. नवी पॉलिसी घेतली, तिला आईच्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांची प्रतीक्षा लागली. डिसेंबरात आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन खिशातून झालं.

मी पलीकडे बसत होते तेव्हाचं सांगते. ‘मला हे घरी नेऊन वाचू द्या, परवा उत्तर देतो,’ असं शांतपणे म्हणणाऱ्याला आम्ही कधी नाही म्हटलं नाही. ‘पद रद्द झाल्याने सेवा संपली’ असं पत्र मागणाऱ्याला बहुतेकदा ते मिळालं. गटविमा आणखी काही महिने चालू ठेवा म्हणणाऱ्याचंही कित्येकदा जमलं. पण मागणारी माणसं फार थोडी असत. बाकीच्यांना अपमानाच्या त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं असे, आणि हे आम्हालाही ठाऊक असे. याबद्दल मला आज खंत वाटते.

गणपतीतली खजिनदारी

पुढचे तीन महिने लपवण्यात गेले. निगडीच्या त्या सोसायटीत निम्मी घरं चाकण, भोसरी, तळवड्याला कामाला. सकाळी कंपन्यांच्या बस भक्ती-शक्ती चौकातून सुटतात आणि कोण कुठल्या बसला उभा राहतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी शेजाऱ्यांना ‘सध्या वर्क फ्रॉम होम आहे’ असं सांगितलं. कारखान्यातला क्वालिटी मॅनेजर घरून काम करतो यावर त्या इमारतीत कोण विश्वास ठेवणार? कुणी उलट विचारलं नाही, एवढंच.

१९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. सात वर्षं ते मंडळाचे खजिनदार. यंदा कंपनीत ऑडिट आहे असं सांगून त्यांनी वही दुसऱ्याकडे दिली. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली गोष्ट ही आहे. पगार गेला होता, पण हिशोबाला चोख माणूस ही त्यांची गावातली ओळख शाबूत होती. ती त्यांनी स्वतःहून उतरवून ठेवली. आणि ज्या मांडवात रोज संध्याकाळी पंचवीस-तीस कंपन्यांचे लोक आरतीला उभे राहतात, तिथून ते दहा दिवस दूर राहिले. नोकरीची चौकशी करायला त्याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या पत्नीने मला फोन केला. त्या एका खासगी शाळेत शिकवतात, माझी भाची त्यांच्या वर्गात होती. म्हणाल्या, “ताई, ह्यांना कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून. हे रात्री दोनला उठून पंखा पुसत होते.”

पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब

पहिल्या भेटीत नवी नोकरी शोधण्याबद्दल बोललोच नाही. मी दोघांना घराचा खर्च लिहायला सांगितला. बाईंनी मुलाच्या जुन्या वहीचं पान उलटं करून आठवून आठवून लिहिलं. घराचा हप्ता ३४ हजार. मुलीची बारावी आणि सीईटीचा क्लास, मुलाची शाळा मिळून १८ हजार. घरखर्च २२, आईंची औषधं ६, विमे आणि इतर ८. एकूण ८८ हजार. बाईंचा पगार २४ हजार. म्हणजे दरमहा ६४ हजारांचा खड्डा.

मग दुसरी बाजू. ग्रॅच्युइटीचं गणित तेव्हाच्या कायद्यात ठरलेलं होतं: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षं. ६२ हजार मूळ पगारावर एकोणीस वर्षांचे ६ लाख ८० हजार. शिल्लक रजांचे १ लाख ६० हजार. तीन महिन्यांच्या पगाराचे कर कापून ३ लाख ४० हजार. सगळे मिळून ११ लाख ८० हजार. मुलीच्या प्रवेशासाठी दीड लाख बाजूला काढले. राहिलेल्या पैशाला ६४ हजारांनी भागलं, उत्तर आलं सोळा महिने.

बाईंनी त्या सोळावर दोनदा गोल काढला. ते म्हणाले, “मला वाटत होतं तीन-चार महिने.” त्या रात्री त्यांना झोप लागली असं दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यांच्या मनात ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे कर्जात भरायचं होतं, ‘तेवढंच ओझं कमी.’ मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि त्यांच्या कर्जाची मुदत वाढत वाढत त्यांच्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत गेली होती, त्याची धास्ती होती. मी त्यांना अडवलं. पगार चालू असताना कर्ज फेडणं शहाणपणाचं असतं. पगार बंद असताना कर्जात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावू दिला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बेकारीचा एक महिना झाला की ७५ टक्के काढता येत होते, आणि माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं पहिल्याच महिन्यात ते काढून मोकळी झाली.

कोणीच नाही म्हणत नाही

तोवर त्यांनी नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर मिळून शंभरच्या वर अर्ज केले होते. फोन आले सात. सातही फोनांत तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने: करंट सीटीसी (सध्याचा वर्षाचा एकूण पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. ते खरं सांगायचे, २१ लाख. पुढे “ओके सर, आय विल गेट बॅक टू यू,” आणि संपलं.

लोकांना वाटतं आपला बायोडेटा वाचून कुणीतरी बाजूला ठेवला. बहुतेक वेळा तो कुणाच्या डोळ्यांपुढे आलेलाच नसतो. भरती करणारी मुलगी पोर्टलवर अनुभव ८ ते १२ वर्षं आणि पगार अमुक ते अमुक असं भरते. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस त्या जाळीतून आपोआप गळतो. मी स्वतः अशा जाळ्या लावल्या आहेत. ‘वय पस्तीसपर्यंत’ असं जाहिरातीत उघड छापलं तरी आपल्याकडे कुणी अडवत नाही. अमेरिकेत चाळिशीवरच्यांना नोकरीत वयावरून डावलू नये असा कायदा १९६७ पासून आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. दाद कुठे मागायची हा प्रश्न म्हणूनच उरत नाही.

मुलाखती झाल्या तीन. एका ठिकाणी समोरचा मुलगा तिशीतला, वागायला अत्यंत नम्र. त्याने विचारलं, “सर, एकोणीस वर्षं एकाच कंपनीत का थांबलात?” ह्यांना उत्तर सुचेना. घरी येऊन मला म्हणाले, “मॅडम, आमच्या काळात हे विचारत नव्हते, हे सांगून मुली देत होते.”

इथे माझ्याकडून एक चूक झाली ती लिहायला हवी. मी त्यांना सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्टचा, म्हणजे उत्पादनातले दोष कमी करण्याच्या पद्धतीचा वरच्या पातळीचा कोर्स करायला लावला. साठ हजार रुपये आणि दोन महिने गेले. ज्ञान वाया गेलं असं नाही, पण त्या प्रमाणपत्रामुळे एकही फोन जास्त आला नाही. जो माणूस वीस वर्षं हेच काम हाताने करत होता, त्याला कागद कमी पडत नव्हता. त्याला काय कमी पडत होतं हे मला जानेवारीत त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी कळलं.

साडेचार हजार नग आणि एक टॉर्च

मी मुलाखत घेतल्यासारखं विचारलं, “तुम्ही काय काम करत होता?” ते म्हणाले, “क्वालिटी बघत होतो. पीपॅप, ऑडिट, कस्टमर कम्प्लेंट, सगळं.” (पीपॅप म्हणजे नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया.) बायोडेटातही तेच, इंग्रजीत, चार पानं. मी म्हटलं, सगळं राहू दे. कधी सबंध रात्र जागलात का?

मग त्यांनी सांगितलं. २०१७ मध्ये ग्राहकाच्या लाइनवर त्यांच्या एका भागात बर सापडली. दोन भोकं आत एकमेकांना छेदतात तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूचा केसाएवढा कण राहतो, ती बर. इंजिनात तो कण सुटला तर इंधन फवारणारा इंजेक्टर अडकून बंद पडतो. ग्राहकाची लाइन थांबली होती. हे रात्री नऊला तिथे पोचले आणि दोन मुलांना घेऊन, टॉर्च आणि भिंग लावून साडेचार हजार नग एकेक करून बघितले. पहाटे चारपर्यंत अडतीस वाईट निघाले. दुसरा कुणी असता तर सुटकेचा श्वास टाकून घरी गेला असता. ह्यांनी ते अडतीस नग टेबलावर त्यांच्या कोडप्रमाणे रांगेत मांडले. सगळेच्या सगळे दुसऱ्या पाळीच्या पहिल्या दोन तासांतले. मशीनवर ड्रिल किती नगांनंतर बदलायचं याचा काउंटर असतो. पाळी बदलताना ऑपरेटर तो सवयीने शून्यावर आणत होता. म्हणजे जुनंच ड्रिल नव्याचं आयुष्य मोजत पुढे चालत होतं. काउंटरला कुलूप लावलं. ती तक्रार परत आली नाही.

सांगताना त्यांनी टेबलावरचे शेंगदाणे रांगेत मांडले होते. आवाज बदलला होता, हात बदलले होते. बाई पोळ्या लाटायच्या थांबल्या. म्हणाल्या, “हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.”

बायोडेटात यातलं एक अक्षर नव्हतं. कंपनीच्या आत प्रत्येकाला माहीत असल्यामुळे ते कधी शब्दांत मांडावंच लागलं नव्हतं. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचं काम इतरांच्या आठवणीत साठत जातं आणि बाहेर पडताना त्या आठवणी मागे राहतात. आम्ही चार पानांची दोन केली. त्यात असे पाच प्रसंग, प्रत्येकी चार ओळींत. ‘एकोणीस वर्षं का?’ या प्रश्नालाही त्यातूनच उत्तर निघालं: या काळात भाग तीनदा बदलला, ग्राहक दोनदा बदलले, तिन्ही वेळा सुरुवातीपासून मी उभं केलं.

पगाराच्या प्रश्नावर क्रम बदलला. आधी स्वतःच सांगायचं, ‘माझी अपेक्षा १३ ते १५ लाखांची आहे, कारण मला पुन्हा शॉपफ्लोअरवर, मशीनजवळ काम हवं आहे.’ मग जुना आकडा विचारला तर खरा सांगायचा, कारण पगारपत्रकं आणि फॉर्म सोळा मागतातच. शोधाची दिशा त्यांनी स्वतःच ठरवली. म्हणाले, इंजिन डिझेलचं असो की बॅटरी असो, गाडीला ब्रेक लागतोच. मी ब्रेक आणि सस्पेन्शनवाल्यांकडेच बघतो.

आणि त्यांनी लोकांना सांगायला सुरुवात केली. मला वाटतं सगळ्यात अवघड हेच गेलं. पहिला फोन जुन्या सहकाऱ्याला लावायला दोन दिवस लागले. रोज तीन फोन, वहीत नोंद. काहींनी उचलले नाहीत. ज्याच्या मुलाला ह्यांनी ट्रेनी म्हणून घेतलं होतं, त्याने ‘बघतो’ म्हटलं आणि नंतर उत्तर दिलं नाही. ते त्यांना फार लागलं.

ज्याचा माल परत पाठवला होता तो

मार्चमध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखानदाराचा फोन आला. चाळीस माणसं, टर्निंगचं, म्हणजे लेथवरचं काम. जुन्या कंपनीत असताना ह्यांनी त्याचा माल तीन वेळा परत पाठवला होता, पण प्रत्येक वेळी शेडवर जाऊन चूक कुठे होते ते दाखवलं होतं. त्याच्या नव्या ग्राहकाने आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र मागितलं होतं. तो म्हणाला, “साहेब, तुमचा पगार मला झेपणार नाही. पण आठवड्यातले तीन दिवस याल का?” महिना ४५ हजार.

त्यांनी मला विचारलं, मॅनेजर होतो, आता छोट्या शेडवर जाऊ का? मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? ते एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बसच्या वेळेला, साडेसहाला, उठून तयार झाले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त गेज, म्हणजे माप तपासायची साधनं तपासली. अकरा गेजांपैकी चार झिजलेले निघाले.

पैसे दोनदा उशिरा आले. पण ग्राहकाचा माणूस ऑडिटला आला तेव्हा मालकाच्या जागी ह्यांनी उत्तरं दिली, आणि जाताना त्याने नंबर घेतला. पुढे दोन महिने काहीच नाही. जुलैत बोलावणं आलं, ऑगस्टात दुसरी फेरी. २ सप्टेंबर २०२४ ला ते रांजणगावच्या एका ब्रेकच्या भागांच्या कारखान्यात सप्लायर क्वालिटीला रुजू झाले. पगार १४ लाख, बस पहाटे पावणेसहाला, साहेब छत्तीस वर्षांचे. भोसरीच्या मालकाकडे ते अजूनही महिन्यातून एका रविवारी जातात, पैसे न घेता. मला ते पटत नाही, तसं मी त्यांना सांगितलं आहे.

त्यांच्या पगाराची जुनी पातळी परत येईल असं मला वाटत नाही, आणि मी त्यांना तशी आशा दाखवलेली नाही. कर्ज अजून त्रेसष्टपर्यंतच आहे. जुन्या साहेबांचा दिवाळीचा मेसेज आला की ते फोन उलटा ठेवतात. सोसायटीत खजिनदारी मात्र २०२४ च्या गणपतीत परत घेतली. रुजू झाल्यानंतर पाचव्या दिवशी चतुर्थी होती.

बाई ते पाठकोरं पान जपून ठेवतात. त्यानंतर त्यांनी स्वतंत्र वही केली. दर महिन्याच्या एक तारखेला हातातली शिल्लक खड्ड्याच्या रकमेने भागतात आणि येईल तो आकडा समासात लिहितात. सोळापासून तो उतरत गेला, सगळ्यात खाली पाचवर आला होता. मागच्या वेळी मी गेले तेव्हा चहा गाळता गाळता त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. आकडा नऊ होता.